लॅमिनेशनखालचं दूध : गाडीच्या आतल्या सफाईचं एक प्रकरण

बुधवारी सकाळी सरांनी, म्हणजे या गाडीच्या मालकांनी, गाडी वर्कशॉपच्या दारात लावली तेव्हा आषाढाचा पाऊस चालू होता आणि गाडीच्या चारही काचा अर्ध्या खाली होत्या. सीटवर पाणी येत असताना माणूस काचा वर करत नाही, म्हणजे आत काहीतरी असह्य आहे, हे मला तिथंच कळायला हवं होतं. पण मला शिरोलीला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं. कार्डावर ‘पूर्ण इंटेरिअर, दूध सांडलंय’ एवढंच लिहिलं, किल्ली हाताखालच्या पोराच्या हातात दिली आणि निघालो. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी.

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छोटं वर्कशॉप आहे. गाड्या आतून साफ करणं एवढंच काम. हाताखाली दोघं. एक पोरगा, दोन वर्षं झालेला, हात चांगला असलेला. दुसऱ्या मावशी, तेव्हा शिकायला येऊन तीनच महिने झालेल्या. त्याआधी त्यांनी बारा वर्षं चार घरची धुणीभांडी केली, लग्नसराईत मंगल कार्यालयाची पातेली घासली. हे काम शिकताना माणसाला काय अवघड जातं आणि काय आधीपासून येत असतं, ते मला या एका गाडीत जेवढं दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

काय झालं होतं

सरांच्या नातीचं बारसं होतं. बासुंदीसाठी पन्हाळ्याकडच्या गावातून घरच्या म्हशीचं १० लिटर दूध स्टीलच्या कॅनमधून आणलं. कॅन मागच्या डाव्या सीटच्या पायाशी ठेवला होता. उतारावर समोर बैलगाडी आली, सरांनी ब्रेक दाबला, कॅन आडवा झाला आणि झाकण निघालं. घरी येऊन मापलं तर साडेसहा लिटर उरलं होतं. म्हणजे साडेतीन लिटर गाडीत.

घरच्यांनी लगेच टॉवेलनं पुसलं. वास येऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी लिंबू पिळलेल्या पाण्यानं पुन्हा पुसलं. मग डांबराच्या गोळ्या टाकल्या, अत्तराची बाटली डॅशबोर्डवर बसवली. बारशाच्या गडबडीत गाडी सहा दिवस बंद पोर्चमध्ये उभी राहिली.

या सहा दिवसांत दुधाचं काय होतं, ते प्रत्येक शिकणाऱ्याला मी आता आधी सांगतो. ताजं सांडलेलं दूध हे पाण्यात मिसळलेलं असतं, पाण्याबरोबर निघून येतं. पण त्यातल्या साखरेवर जिवाणू बसले की आम्ल तयार होतं, दूध फाटतं आणि केसीन नावाचं प्रथिन घट्ट होऊन धाग्यांना चिकटतं. दुधातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ ८० टक्के तेच असतं. एकदा फाटलं की ते साध्या पाण्यात विरघळत नाही. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, तोही धाग्यात बसतो आणि फुटून खवट होतो. ब्युटिरिक आम्लाचा तो वास खराब लोण्याला येतो, ओकारीलाही येतो. म्हणून दूध सांडलेल्या गाडीत बसलं की नुसतं घाण वाटत नाही, पोटात ढवळतं. लिंबानं ही फाटण्याची क्रिया पहिल्याच संध्याकाळी करून दिली होती. घरच्यांनी अगदी चांगल्या हेतूनं कारपेटात पनीर लावलं होतं.

पहिला प्रयत्न

पोरानं नेहमीचं इंटेरिअर केलं, आणि ते नीट केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. आधी कोरडं काम, मग ओलं. वरून खाली. एसीच्या जाळ्या ब्रशनं, फटी एअर गननं, मग व्हॅक्यूम. सीटवर फोम मारून मऊ ब्रशनं घासून, पाणी ओढणाऱ्या मशीननं ओढून घेतलं. मॅट बाहेर काढून धुतल्या. खाली फोम मारला, घासला, पाणी मारलं, ओढलं. डॅशबोर्ड पुसला, शेवटी सुगंधी फवारा. १,४०० रुपये. संध्याकाळी गाडी नवीकोरी दिसत होती.

पुढच्या सोमवारी सर परत आले. रागावले नाहीत. म्हणाले, “गाडी दिसते सुरेख हो, पण बसवत नाही. तुमच्या काकू परवा रंकाळ्यापर्यंत आल्या आणि तिथं उतरून रिक्षानं घरी गेल्या.”

दार उघडलं. आधीपेक्षा वास वाढलेला होता, आणि त्यात आमच्या फवाऱ्याचा मोगरा मिसळलेला.

कारण साधं होतं आणि आमच्या पायाखाली होतं. आपल्याकडे नवी गाडी घेतली की बहुतेक जण ॲक्सेसरीजच्या दुकानात खाली लॅमिनेशन करून घेतात. मूळ कारपेटावर रेक्झिनचा जाड थर अंथरतात, कडा प्लास्टिकच्या पट्ट्यांखाली दाबतात आणि सीटच्या रुळांभोवती कापून बसवतात. चिखल पुसायला ते सोयीचं पडतं. पण त्या कापलेल्या जागा म्हणजे उघड्या खिडक्या. वरून काही सांडलं की तिथून खाली जातं, आणि एकदा गेलं की रेक्झिन झाकणासारखं वर बसतं, सुकू देत नाही. दूध तिथून खाली गेलं होतं. पोरानं घासलं, धुतलं, ओढलं ते सगळं लॅमिनेशन. शिवाय त्याच खिडक्यांतून आमचं फोमचं पाणीही खाली गेलं. सहा दिवसांत अर्धवट सुकत आलेलं दूध आम्ही पुन्हा भिजवलं आणि आणखी आत पोचवलं.

वरून स्वच्छ केलेल्या जागेचा वास वाढला, तर तुम्ही घाणीला हात लावलेला नाही, तिला फक्त पाणी पाजलंय. मी सरांचे १,४०० रुपये परत केले आणि गाडी ठेवून घेतली.

नाकानं शोधणं

मावशींना मी म्हटलं, “तुम्ही शोधा. मी मागं उभा राहतो.”

गाडी बाहेर उघड्यावर घेतली, काचा बंद करून पंधरा मिनिटं हीटर चालवला. ऊब मिळाली की वास उठतो. मग इंजिन बंद, आणि एका वेळी एकच दार उघडायचं. चारही दारं एकदम उघडली की सगळं मिसळतं आणि काही कळत नाही. दोन दारांच्या मध्ये बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्यायचा, कारण नाक पाच मिनिटांत सरावतं आणि खोटं बोलायला लागतं.

मावशी प्रत्येक दाराशी गुडघ्यावर बसल्या. सीटला नाक लावलं, सीटबेल्टच्या पट्ट्याला लावलं, मग हात टेकून पार खाली वाकल्या. मागच्या डाव्या दाराशी थांबल्या. पुढच्या डाव्या दाराशी जास्त वेळ थांबल्या.

“दादा, ह्यो वास वरचा न्हाई. आन मागचाबी न्हाई सगळा. फुडच्या सीटखाली मुरलंय.”

पोरगा म्हणाला, कॅन तर मागं होता. पण ब्रेक लागल्यावर दूध पुढेच धावणार. पुढच्या सीटखाली गाडीच्या पत्र्याला आडवा उंचवटा असतो, सीट त्यावरच बोल्टानं बसते. त्या उंचवट्याच्या मागं दूध अडलं असणार, त्यातलं काही वरून पुढं गेलं असणार. मावशींना पत्र्याची रचना माहीत नव्हती. नाकानं त्या बरोबर तिथं पोचल्या.

खात्रीसाठी दोन गोष्टी केल्या. पट्टी काढून लॅमिनेशनची कड उचलली, पांढरं सुती फडकं कारपेटावर ठेवून मुठीनं मिनिटभर दाबलं. फडकं पिवळट ओलं झालं. मग शटर ओढून अंधार केला आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. दुधातलं रायबोफ्लेविन त्या उजेडात पिवळट हिरवं चमकतं. साबणाचे अंशही चमकतात, पण निळसर. आमच्या फोमचा निळा पट्टा वर दिसत होता आणि कडेला खाली, रुळाच्या बाजूनं, फिकट पिवळी धार. मावशी बराच वेळ ती धार बघत राहिल्या. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि खडूनं हद्द आखायला सांगितली. जिथं धार संपते त्याच्या वीतभर बाहेरून आखायची, कारण खाली ती नेहमी वरच्यापेक्षा रुंद असते.

सीट काढणं

मोटारीची सफाई शिकवताना मी आता हा धडा ब्रशच्या आधी घेतो. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की हात मागं. पिवळा म्हणजे एअरबॅग किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेची वायर. आधी इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, मग गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढी वेळ थांबायचं. मी कमीत कमी दहा मिनिटं थांबतो. सर्किटमध्ये उरलेला चार्ज उतरू द्यायचा. त्यानंतरच कनेक्टरला हात. आणि तो सुटा असेपर्यंत किल्ली फिरवायची नाही.

प्रवाशाच्या सीटच्या गादीत आणखी एक गोष्ट असते. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. माणूस बसलाय हे कळायला डाव्या गादीखाली सेन्सर असतो. म्हणजे त्या गादीवर मशीननं भरभरून पाणी मारणं बंद. हे मावशींना पटायला जड गेलं. ‘भरपूर पाणी घालून खळखळून धुतलं म्हणजे स्वच्छ’ हा बारा वर्षांचा हिशेब त्यांच्या हातात बसलेला. घरात मोरी असते, पाणी वाहून जातं. गाडीत मोरी नसते. आत घातलेला प्रत्येक तांब्या तुम्हालाच बाहेर काढायचा असतो. पहिल्या महिन्यात त्यांनी एका गाडीचं छत फोमनं असं भिजवलं की कापडाचा गोंद सुटून मध्ये झोळ आली होती. छताचं कापड पातळ फोमवर चिकटवलेलं असतं, तिथं ओलसर फडक्यापलीकडे जायचं नाही. त्या झोळीनंतर त्या हाताशी मोजतात. एकदा ओलं, दोनदा कोरडं.

चार बोल्ट निघाले. बोल्ट, क्लिपा, पट्ट्यांचे स्क्रू ठेवायला मी प्लास्टिकच्या वाट्या वापरायचो आणि एखादी हमखास लवंडायची. मावशींनी घरून जुना मिसळणाचा डबा आणला होता. गोल डबा, आत सात वाट्या. मोहरीच्या वाटीत सीटचे पुढचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत मागचे, हळदीच्या वाटीत उंबऱ्याच्या पट्टीच्या क्लिपा. प्रत्येक वाटीचा मोबाइलवर फोटो. झाकण लावलं की काही हरवत नाही. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये असे तीन डबे आहेत.

सीट दारातून काढताना उंबऱ्यावर आणि दाराच्या कडेवर जाड चादर टाकली. रुळाचं टोक रंगावर एकदा ओढलं की मिळवलेलं सगळं गेलं.

कारपेटाखाली

लॅमिनेशन दुमडून वर केलं तेव्हा पोरगा बाहेर पळाला. मावशी तिथंच बसून राहिल्या.

कारपेट म्हणजे वरचा दाबलेल्या धाग्यांचा पातळ थर. त्याखाली नमदा, चिंध्यांच्या लगद्यासारखा राखाडी जाड थर, आवाज अडवायला घातलेला. आमच्याकडच्या वाकळेसारखा तो सगळं शोषून घेतो आणि धरून ठेवतो. दोन फूट बाय दीड फुटाचा एक सुटा तुकडा उंचवट्याच्या मागं बसवलेला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला तर भिजलेल्या घोंगड्यासारखा जड. खालच्या पत्र्यावर पांढऱ्या गुठळ्या, कडेला पिवळ्या पडलेल्या. दोनशे ग्रॅम सहज असतील. वास कुठून येत होता, या प्रश्नावर आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इथं एक निर्णय असतो आणि तो धुण्याच्या आधी घ्यायचा असतो. काय वाचवायचं आणि काय फेकायचं? सुटा नमदा मी फेकला. अकरा दिवस आंबलेला तो जाड थर धुऊन कितीही पिळला तरी मध्यभाग मोकळा होत नाही, आणि तसा नवा नमदा सीटकव्हरवाल्यांकडे चारशे रुपयांत मिळतो. कारपेट मात्र साच्यात घडवलेलं, पुढून मागपर्यंत एकसंध. ते बदलायचं तर पूर्ण गाडी खोलावी लागते. ते धुण्याजोगं होतं. लॅमिनेशनचा डावा भाग कापून काढला. सरांना फोन करून तिन्ही गोष्टी सांगितल्या, फोटो पाठवले आणि त्यांचा होकार आल्यावरच कात्री लावली.

मी सवयीनं किटलीत पाणी गरम करायला ठेवलं. चिकट डागाला ऊन पाणी, हे माझं ठरलेलं. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी बटण बंद केलं.

“दुधाचं भांडं कुनी पयलं गरम पाण्यानं धुतंय व्हय? घासणीला चिकटून बसतंय ते. आदी गार पाण्यानं इसळायचं.”

हे मला माहीत असायला हवं होतं. गरम पाण्यानं प्रथिनं आळतात आणि पकड आणखी घट्ट होते. अंड्याच्या नि रक्ताच्या डागाचंही तेच. वाफेचं मशीन त्याहून वाईट. वर्कशॉपमध्ये वाफेचं मशीन आलं की प्रत्येकाला ते प्रत्येक डागावर मारून बघायचं असतं. दुधावर ते सगळ्यात शेवटी, किंवा मुळीच नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात दुधाचं पातेलं आधी गार पाण्यानं विसळतात, आणि त्या पातेल्यात आणि या कारपेटात रसायनाच्या दृष्टीनं काही फरक नाही.

तर क्रम असा झाला. पत्र्यावरच्या गुठळ्या प्लास्टिकच्या चपट्या उलथन्यानं खरवडून काढल्या, त्यांच्यावर पाणी घातलं नाही. कारपेट उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं, खाली पत्रा मोकळा केला. मग कारपेटाच्या दोन्ही बाजूंनी गार पाण्याचा फवारा आणि लगेच मशीननं ओढणं. पहिल्या बादलीतलं पाणी ताकासारखं होतं. तिसऱ्या बादलीत वर तेलकट तवंग. पाचव्या बादलीत मावशींनी हात घातला तेव्हा बुडाशी टेकलेली बोटं दिसली.

एवढ्यानं सुटं दूध निघतं, चिकटलेलं नाही. त्यासाठी एन्झाइमचं द्रावण. त्यात प्रथिनं तोडणारं प्रोटीएज आणि स्निग्धांश तोडणारं लायपेज असतं. हे साबणासारखं घासून लगेच पुसायचं नसतं, त्याला वेळ लागतो आणि तोवर जागा ओली राहावी लागते. कोमट पाण्यात, हाताला जेमतेम ऊब लागेल एवढ्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कालवलं, कारपेट सगळीकडून ओलं केलं आणि वरून प्लास्टिक टाकून चार तास झाकून ठेवलं. पोरानं सुचवलं की सोबत फिनेल मारू, जंतू मरतील. मी नाही म्हटलं. जंतुनाशक आणि एन्झाइम एकत्र आलं की एन्झाइमच निकामी होतं, आणि मग चार तास आपण नुसतं ओलं कारपेट झाकून बसलेलो असतो. तीव्र अल्कली किंवा आम्लानंही तेच होतं.

चार तासांनी पुन्हा गार पाणी, पुन्हा ओढणं. मग पांढरा व्हिनेगर भरपूर पातळ करून एक हलका हात, साबणाचे अंश मारायला. सरांच्या घरचं लिंबू चुकीचं नव्हतं, त्याची पाळी चुकली होती. दूध असेपर्यंत आम्ल नको, दूध गेल्यावर चालेल.

बाकीचं झटपट सांगतो. पत्रा सौम्य साबणानं पुसून कोरडा केला, सीलंट कुठं सुटलेलं नाही ना ते बघितलं, पत्र्यातलं रबरी बूच काढून त्याची खाच पुसली. सीटच्या गादीची खालची कड आणि रूळ ओलसर फडक्यानं. मागच्या डाव्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून क्लिप लावली, सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसला आणि रात्रभर तसाच ठेवला. ओला पट्टा गुंडाळू द्यायचा नाही. पट्ट्याला ब्लीच कधीच नाही, धागा कमजोर होतो आणि अपघाताच्या वेळी त्याच धाग्यावर माणूस असतो. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढून वास घेतला आणि तोही बदलला. सरांनी सहा दिवसांनंतर गाडी आतलीच हवा फिरवत चालवली होती, फिल्टरनं सगळं पिऊन घेतलं होतं.

ओझोनचं मशीन लाव, एका तासात वास जाईल, असा सल्ला मला शेजारून मिळाला. ओझोन काही गाड्यांत उपयोगी पडतो, पण कारण तसंच ठेवून तो लावणं म्हणजे मोगऱ्याच्या फवाऱ्याचीच महाग आवृत्ती. शिवाय तो फुप्फुसांना घातक आहे आणि रबर खातो. लावला नाही.

सुकवणं, आणि दुसरी चूक

कोल्हापुरात आषाढात धुतलेली चादर दोन दिवस दोरीवर ओलीच राहते. गाडीच्या आतलं कारपेट कसं सुकणार? ओलसर थर दोन दिवस बंद राहिला की बुरशीचा धोका सुरू होतो, म्हणजे धुतल्या क्षणापासून घड्याळ चालू झालेलं असतं.

नेहमी मी गाडीचा एसी चालवून आतला ओलावा काढतो. इथं ते शक्य नव्हतं, कारण सीट बाहेर होती, पिवळा कनेक्टर सुटा होता, इग्निशन चालू करायचं नव्हतं. (आणि शटर बंद करून आत इंजिन चालू ठेवणं कुठल्याच कारणानं नाही. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.) म्हणून हवेतला ओलावा ओढून घेणारा डिह्युमिडिफायर भाड्यानं आणला, तो मागच्या सीटवर ठेवला, वायर मागच्या काचेच्या फटीतून बाहेर काढून फट टेपनं बंद केली, आणि कारपेटाखाली छोटा पंखा सोडला. पहिल्या रात्रीत त्याच्या टाकीत दोन लिटरच्या वर पाणी जमलं. दुसऱ्या रात्री पाऊण लिटर.

त्या दुसऱ्या रात्री पावसाची झड पत्र्याच्या वळचणीतून गाडीवर येऊ लागली. पोरगा तिथंच झोपायला होता. काच वर करावी म्हणून त्यानं बॅटरीची तार लावली आणि किल्ली फिरवली. काच वर झाली. डॅशवर एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि राहिला.

सकाळी तो माझ्यासमोर खाली मान घालून उभा होता. मी त्याला बोललो नाही, कारण त्यानं लपवलं नव्हतं. किल्ली गाडीत ठेवली होती मी. तेव्हापासून सीट बाहेर असेल तर किल्ली माझ्या खिशात आणि स्टिअरिंगला कागद बांधलेला, ‘कनेक्टर सुटा आहे’. सगळं बसवल्यावर ओळखीच्या मेकॅनिकनं स्कॅनर लावून चूक पुसली, ५०० रुपये घेतले. ते आमच्या खात्यातून गेले, पण सरांच्या कार्डावर ती गोष्ट लिहिली. एअरबॅगचा दिवा लागला होता, का लागला, कसा घालवला. गाडीच्या मालकाला हे माहीत असलं पाहिजे, त्याला वाईट वाटलं तरी.

कोरडं झालं हे ठरवायचं कसं? हाताला लागत नाही म्हणजे कोरडं नव्हे. मावशींनी वर्तमानपत्राचा दुमडलेला कागद कारपेटाखाली ठेवला, वर वीट, आणि तासानं काढून गालाला लावला. पापड वाळलेत का ते बघायला गालाला लावतात, तसं. तिसऱ्या दिवशी सकाळी कागद गार लागला. संध्याकाळी नाही लागला. आम्ही तरीही आणखी एक रात्र मशीन चालू ठेवलं. सकाळी कारपेटाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा डाग उमटला होता. सुकताना पाणी वर चढतं आणि तळातलं उरलंसुरलं सोबत आणतं. अशा वेळी शिकणारा माणूस पुन्हा बादली आणतो. त्याची गरज नसते. फडकं ओलसर करून तेवढ्याच जागेवर टिपायचं, दाबायचं, कोरड्यानं पुन्हा दाबायचं. मावशींनी तो डाग तीन वेळा असा टिपला. बराच गेला, सगळा नाही.

नवा नमदा बसवला, कारपेट खाली घेतलं, उंबऱ्याच्या पट्ट्या लावल्या. सीटचे बोल्ट पुस्तकात दिलेल्या ताकदीनं टॉर्क रेंचनं आवळले. हा अंदाजाचा विषय नाही, सीट म्हणजे माणूस बांधलेली गोष्ट. कनेक्टर, मग बॅटरी, मग किल्ली.

गाडी देताना

शनिवारी गाडीत काहीही सुगंध मारला नाही. रात्रभर काचा बंद ठेवून सकाळी बाहेर काढली, पंधरा मिनिटं हीटर चालवला आणि काकूंना बोलावलं. सरांना नाही, काकूंना, कारण गाडीतून उतरून रिक्षानं गेल्या होत्या त्या. त्या मागच्या डाव्या बाजूला बसल्या, दार लावून घेतलं. मावशी दाराबाहेर उभ्या, पदर हातात घट्ट धरलेला. दहा मिनिटांनी काकूंनी काच खाली केली आणि विचारलं, “पुढं पण बसून बघू?”

पुढंही बसल्या. मग सरांना म्हणाल्या, “चला, देवळात जाऊन येऊ.”

हिशेब मांडला तो असा. नमदा, फिल्टर, एन्झाइम आणि डिह्युमिडिफायरचं भाडं सरांनी दिलं. मजुरी मी निम्मीच लावली, कारण पहिल्या दिवशी खाली हात घातला असता तर निम्मं काम झालंच नसतं. सीटखालचा फिकट डाग तसाच आहे, तोही कार्डावर लिहिला आणि दाखवला.

आता दूध, ताक, मासळीचं पाणी, लहान मुलाची ओकारी, असं काहीही सांडलेली गाडी आली की मी कार्ड भरायच्या आधी लॅमिनेशनची कड उचलतो. दोन मिनिटं लागतात. मावशी स्वतंत्रपणे गाड्या घेतात. पोराला वायरिंग त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांना कापड आणि डाग त्याच्यापेक्षा, आणि दोघं एकमेकांना विचारतात.

त्या दिवशी संध्याकाळी वहीत नोंद करायला मी मावशींना सांगितलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, लिहायला वेळ लागला. ती नोंद अजून आहे : “दुध. डावी बाजु, फुडच्या शीटखाली. नमदा बदलला. डाग थोडा हाय. वास न्हाई. सोमवारी सरांस्नी फोन करून परत विचारने.”

सोमवारी मावशींनीच फोन केला.